पायाखालचा इतिहास

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त ग्रामस्थांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचा जीर्णोद्धार हे गावाच्या आयुष्यात पिढीतून एखाद्या वेळी घडणारे कार्य होय. ज्यांनी भरघोस देणग्या दिल्या ते धन्य, आणि ज्यांच्याजवळ द्यायला पैसा नव्हता म्हणून ज्यांनी श्रमदान केले, दगड वाहिले, घमेली उचलली, तेही तितकेच धन्य. कळस चढला म्हणजे तो पंचक्रोशीतून दिसतो आणि त्याचे कौतुक सर्वांच्या तोंडी होते. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र कळस नव्हे, तर पाया हा आहे. पाया खणताना जी माती उपसली जाते त्या मातीत काय असते, ते ओळखावे कसे आणि जपावे कसे, एवढाच हा विषय. त्यासाठी प्रथम एका परक्या देशातल्या उजाड खेड्याची हकीकत ऐकावी लागेल. त्या खेड्यात साध्यासुध्या माणसांनी, एक पैसाही न घेता, चाळीस वर्षे हेच काम केले.

एका उठलेल्या गावाची गोष्ट

इंग्लंडच्या ईशान्येस यॉर्कशर नावाचा प्रांत आहे. तेथे खडूसारख्या पांढऱ्या दगडाच्या टेकड्या आहेत. त्या टेकड्यांच्या कुशीत व्हॅरम पर्सी नावाचे शेतकऱ्यांचे गाव होते. 'होते' असे म्हणायचे कारण, इसवी सन १५०० च्या सुमारास ते उठले. आपल्याकडेही 'बेचिराख गाव' असतात. सरकारी कागदावर नाव असते आणि शिवारात जावे तर एखादा पार आणि चार दगड दिसतात. तसेच ते.

गाव का उठले? चौदाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात प्लेगची महाभयंकर साथ आली होती, तिने गाव खाल्ले असावे, असा समज होणे साहजिक होते. पण पुरावा निराळे सांगतो. साथीत माणसे दगावली खरी, तरी त्यानंतरही दीडशे वर्षे गाव तग धरून होते. पुढे लोकरीला भाव आला. जमीनदाराला धान्यापेक्षा मेंढ्या परवडू लागल्या. शेतीला गावभर माणसे लागतात. मेंढ्यांच्या कळपाला एक-दोन मेंढपाळ पुरतात. शेवटी उरलेली चार घरेही उठवण्यात आली आणि गावठाणावर गवत वाढले. रोगाने जे केले नाही ते बाजारभावाने केले.

गावात राहिले ते फक्त चर्च, म्हणजे त्यांचे देवस्थान. आसपासच्या वाड्यावस्त्यांची माणसे तेथे प्रार्थनेला येत राहिली. पुढे १८७० साली जवळच्याच एका गावाला स्वतःचे चर्च मिळाले, तेव्हा ही वर्दळही कमी झाली. १९४९ च्या सुमारास तेथील प्रार्थना कायमच्या बंद पडल्या आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा काही भाग कोसळला.

१९४८ साली मॉरिस बेरेसफर्ड नावाचे एक अध्यापक तेथे आले. ते खोदकाम करणारे पंडित नव्हते. त्यांचा विषय आर्थिक इतिहास. जुने नकाशे, महसुली कागद, सारापट्ट्या चाळणे हा त्यांचा व्यवसाय. गवताखालचे उंचवटे पाहून त्यांच्या ध्यानात आले की, ह्या घरांच्या भिंती आहेत, ही गावची वाट आहे, हे परसांचे बांध आहेत. १९५० साली तेथे खोदकामाला आरंभ झाला. लवकरच सरकारी पुरातत्त्व विभागातले जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले. कागदाचा जाणकार आणि मातीचा जाणकार अशी ही जोडी जमली. दरवर्षी जुलैत सुमारे तीन आठवडे काम, असा क्रम १९९० पर्यंत चालू राहिला.

बिनपगारी हात

हे काम केले कोणी? मजुरी देऊन माणसे लावायला पैसा नव्हता. विद्यार्थी आले, शिक्षक आले, नोकरदार आपली हक्काची रजा खर्चून आले, आसपासच्या भागातले लोक आले. ओसाड जागेत राहायचे, तंबूत झोपायचे, तेथे उरलेल्या दोनचार जुन्या खोपटांचा आसरा घ्यायचा आणि दिवसभर गुडघे टेकून माती खरवडायची. आपल्याकडे वारीत मोठा-लहान भेद राहत नाही, तसे तेथे खड्ड्यात उतरल्यावर कोण कोणत्या हुद्द्यावरचा आहे हे राहत नसे. ज्याचा हात हलका आणि नजर बारीक, त्याचे काम चांगले.

आरंभी त्यांच्याही हातून चुका झाल्या. कुदळ-फावड्याने भिंतीच्या कडेकडेने चर खणत जायचे, अशी जुनी रीत होती. त्या रीतीने भिंत सापडे, पण भिंतीच्या आत-बाहेर काय घडले ते कळत नसे. मग डेन्मार्क देशातल्या पुरातत्त्वज्ञांची पद्धत पाहून त्यांनी रीत बदलली. चर सोडले आणि घराची सबंध जागा एकदम उघडायची, तीही गवंड्याच्या थापीएवढ्या हत्याराने, एक-एक थर करीत, असे ठरवले. प्रत्येक दगड कोठे पडला आहे, प्रत्येक खापर कोठे मिळाले, ते मोजून कागदावर काढायचे आणि मगच उचलायचे. खापरे धुवायची, वाळवायची, त्यांवर खूण घालायची. काम मंद होते. एका घराला वर्षानुवर्षे लागत. पण त्या मंदपणाचे फळ मोठे मिळाले.

हे एवढे सायास कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर घरातल्या प्रत्येक माउलीला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात उतरंड रचतात तेव्हा सर्वांत खालचे मडके सर्वांत आधी ठेवलेले असते. मातीचेही तसेच. घर पडते, त्यावर माती बसते, त्यावर पुढच्या पिढीचे घर उठते. खालचा थर आधीचा, वरचा थर नंतरचा. फक्त एक सांभाळावे लागते. मध्येच कोणी धान्याचे पेव खणले असेल, तर वरच्या काळातली वस्तू त्या पेवातून खालच्या काळात जाऊन बसते. पेवातली माती भोवतालच्या मातीपेक्षा निराळ्या रंगाची, भुसभुशीत असते. तो रंग ज्याने पाहिला त्याला गोष्ट कळली. ज्याने न पाहता कुदळ मारली त्याची उतरंड फुटली. आणि एकदा खणलेली माती पुन्हा होती तशी रचता येत नाही. पोथीचे पान वाचता वाचता जाळून टाकावे, तसे खोदकाम आहे. म्हणून वाचतानाच लिहून ठेवायचे.

देवस्थानाने सांगितलेला गावाचा जमाखर्च

आता जीर्णोद्धार समितीने विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट. त्या चर्चचा पाया आणि जमीन ह्या लोकांनी तपासली, तेव्हा एका चर्चखाली दुसरे, त्याखाली तिसरे, अशी परंपरा निघाली. सर्वांत खाली एका लहानशा लाकडी देवस्थानाच्या खुणा होत्या. मग दगडी इमारत झाली. बाराव्या-तेराव्या शतकांत गाव भरभराटले, माणसे मावेनात, म्हणून दोन्ही बाजूंना पडव्या काढल्या. आपण सभामंडप वाढवतो तसेच. पुढे माणसे कमी झाली, तेव्हा त्याच पडव्या पाडल्या आणि मधल्या कमानी दगडांनी बुजवून टाकल्या. बुजवलेल्या कमानी भिंतीत आजही दिसतात. शेवटी गाभाऱ्यासारखा भागही आखूड केला.

म्हणजे काय झाले? गावाची वाढ आणि गावाची ओहोटी, दोन्ही देवस्थानाच्या भिंतीत आणि पायात उमटून राहिली. राजांच्या बखरीत ह्या शेतकऱ्यांचे नाव नाही. पण त्यांनी किती वेळा वर्गणी काढून देवाचे घर वाढवले, हे पायाने लक्षात ठेवले.

चर्चच्या आवारातल्या जुन्या दफनभूमीतून सुमारे सातशे माणसांचे सांगाडे आदरपूर्वक तपासण्यात आले. लहान मुलांच्या हाडांच्या परीक्षेवरून असे दिसले की, तेथील आया मुलांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत होत्या. घरांच्या जमिनीही बोलक्या निघाल्या. रोज झाडून झाडून त्या मध्यभागी खोलगट झाल्या होत्या. 'मध्ययुगातला गरीब शेतकरी म्हणजे घाणीत राहणारा' असे पुस्तकांतून लिहिले जाई. त्या घरच्या बायकांच्या केरसुणीने ते खोटे पाडले.

आणखी एक बोध घेण्यासारखा आहे. ही घरे कच्ची होती, दर पिढीला पडत आणि पुन्हा बांधावी लागत, असे आधीच्या अभ्यासकांचे मत होते. १९८० नंतरच्या दशकात स्टुअर्ट रॅथमेल ह्या अभ्यासकाने जुने नकाशे आणि टिपणे पुन्हा पाहिली आणि दाखवून दिले की घरांचा लाकडी सांगाडा भक्कम होता. भिंती तेवढ्या अधूनमधून डागडुजीला येत. चूक दुरुस्त होऊ शकली, कारण टिपणे शिल्लक होती. ज्यांनी ती लिहिली त्या स्वयंसेवकांपैकी कित्येकांची नावे आज कोणाला ठाऊक नसतील, पण त्यांचे मोजमाप कामास आले. खोदकाम १९९० मध्ये थांबले, पण त्याची हकीकत तेरा खंडांत छापून पुरी व्हायला २०१२ साल उजाडले. खणण्यापेक्षा लिहिण्याचे काम किती मोठे, ते ह्यावरून समजावे.

घरची उदाहरणे

हे सारे परदेशात ठीक, असे कोणी म्हणेल. म्हणून आता आपल्या मुलखाकडे वळू.

गावाला आपण 'पांढरी' म्हणतो आणि शेताला 'काळी'. हा शब्द उगाच पडलेला नाही. माणसांच्या वस्तीने, चुलीच्या राखेने, पडक्या भिंतींनी जमीन पांढरट होते. नदीकाठी अशी पांढरीची टेकाडे पुष्कळ आहेत. पहिल्या पावसानंतर त्यांवर खापरे उघडी पडतात. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव येथे असेच टेकाड होते. १९६८ ते १९८३ ह्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी ह्यांच्या देखरेखीखाली ते खणले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभरांहून अधिक घरे उजेडात आली. त्यांची धान्याची कोठारे मिळाली, नदीचे पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट मिळाला. आणि घरांच्या जमिनीखाली मिळाली ती लहान मुलांची पुरणे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेली बालके. आपले गेलेले लेकरू घरापासून दूर नको, असे त्या आईबापांना वाटले असावे. मडकी जागच्या जागी, घराच्या जमिनीखाली पाहिली गेली म्हणून हा विचार तरी करता आला. कोणी ती आधीच उपटून नेली असती, तर ती नुसती फुटकी मडकी ठरली असती.

आता उलट उदाहरण पाहा. प्रवरा नदीच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. १९७४ साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार भरीव धातूच्या वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. अशा वस्तू भारतात दुसरीकडे क्वचितच मिळतील. पुढे तेथे शास्त्रीय उत्खननही झाले. पण त्या चार वस्तू नेमक्या कोणत्या थरात, कशाशेजारी पडल्या होत्या, हे उचलताना पाहिले गेले नव्हते. त्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले. कोणी त्या सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या मानतात, कोणी त्यानंतरच्या. ह्यात त्या शेतकऱ्याचा दोष कसला? त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पण एवढी मोलाची वस्तू हाती येऊनही तिचा अर्धा अर्थ मातीतच राहिला, हे खरे. सोन्याचा दागिना वजनावर विकला जातो. जुन्या वस्तूचे मोल ती कोठे पडली होती त्यावर ठरते.

तिसरे उदाहरण पंढरीचे. विठ्ठलमंदिरात 'चौऱ्याऐंशीचा लेख' म्हणून शिलालेख प्रसिद्ध आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७, यादव राजा रामचंद्रदेव ह्याच्या काळात देवस्थानाला कोणी काय दिले त्याची ही नोंद आहे. म्हणजे तोही एक देणगीदारांचा फलकच! त्या दगडाला पाठ लावली की चौऱ्याऐंशीचा फेरा चुकतो, अशा श्रद्धेने भाविक शतकानुशतके त्याला पाठ घासत आले. श्रद्धा प्रामाणिक होती, पण तिच्यामुळे पुष्कळ अक्षरे झिजली. ज्यांनी देवाला दिले त्यांचीच नावे देवाच्या भक्तांकडून पुसली गेली.

गावाने काय करावे

येथे एक खबरदारी सांगणे अवश्य आहे. हे ऐकून कोणी उद्या पांढरीवर टिकाव घेऊन जाऊ नये. व्हॅरम पर्सीचे स्वयंसेवक स्वतःच्या मर्जीने खणत नव्हते, जाणकारांच्या हाताखाली खणत होते. आपल्याकडेही परवानगीवाचून पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही. गुप्तधनाच्या नादाने जुनी देवळे आणि समाध्या फोडणारे लोक तर इतिहासाचे आणि धर्माचे, दोघांचेही अपराधी होत.

परंतु मंदिराचा पाया, ओवऱ्या, कुंपण, पाण्याची टाकी ह्यांसाठी खणावे लागतेच. तेव्हा गवंड्याला आणि श्रमदानाला येणाऱ्या तरुणांना पुढील गोष्टी सांगून ठेवाव्यात. घडीव दगड, जुन्या मोठ्या विटा, राखेचा थर किंवा एका जागी पुष्कळ खापरे लागली, तर कुदळ थांबवावी. वस्तू ओढून काढू नये. जागच्या जागी छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी. कोणत्या भिंतीपासून किती अंतरावर आणि जमिनीपासून किती खोल, ते वहीत लिहावे. दिवस लिहावा, ज्याला सापडले त्याचे नाव लिहावे. शाळेतली मोठी मुले हे काम आनंदाने करतील. वीरगळ, सतीशिळा, गद्धेगाळ, अक्षरे कोरलेला दगड ह्यांना तारेच्या घासणीने घासू नये, तेलरंग देऊ नये, अक्षरे ठळक करण्यासाठी छिन्नी तर मुळीच लावू नये. पायरीला किंवा धुण्याच्या दगडाला असा एखादा वीरगळ लागला असेल, तर तो काढून ओवरीत उभा करावा. तो ह्याच गावच्या रक्षणासाठी पडलेल्या कोणा पूर्वजाचा असेल.

भंगलेल्या मूर्तींचे विसर्जन करावे की नाही, हे प्रत्येक गावाने आपल्या परंपरेप्रमाणे ठरवावे. मात्र विसर्जनापूर्वी छायाचित्र आणि मोजमाप अवश्य घ्यावे. शक्य असेल तेथे देवळाच्या एका कोपऱ्यात त्यांना सावली द्यावी. तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. तेथले रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी गावात सापडणाऱ्या हजारो वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि जपल्या. आज त्यांच्याच नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय तेथे उभे आहे. एका माणसाच्या जिद्दीने एवढे होते, तर गावाच्या जिद्दीने किती होईल?

आता मनातली एक भीती उघडपणे बोललेली बरी. "सरकारला कळवले तर काम बंद पडेल, वस्तू घेऊन जातील, त्यापेक्षा गुपचूप बुजवा," असे सल्ले मिळतात. ही भीती अगदीच निराधार आहे असे नव्हे. काही दिवस थांबावे लागेल, हेलपाटेही पडतील. परंतु १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी एक हिशेब उरतोच. काम आठ दिवस उशिरा झाले तर पुढच्या पिढ्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही; पण आज जे बुजवले ते त्यांना कधीच मिळणार नाही. काँक्रीटचा पाया एकदा पडला की त्याखालची पोथी कायमची मिटली.

सज्जनहो, जीर्णोद्धार म्हणजे जुन्याचा उद्धार. जुने मोडून नवे करणे एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर तो अर्धाच होईल. नव्या मंदिराच्या भिंतीवर आज देणगीदारांच्या नावांचा फलक लागेल. सातशे वर्षांनी कोणी तो वाचावा अशी इच्छा असेल, तर सातशे वर्षांपूर्वीच्या देणगीदारांचा दगड आज वाचला पाहिजे. समितीच्या जमाखर्चाच्या वहीशेजारी आणखी एक साधी दोनशे पानी वही ठेवावी आणि तिच्यावर 'पायात काय मिळाले' एवढेच लिहावे. पहिल्या पानावर जुन्या मंदिराचे मोजमाप, त्याच्या दगडांची आणि खांबांची नोंद, वृद्धांना आठवते ती हकीकत असावी. तिला खर्च फारसा येणार नाही. पण ज्यांना वर्गणी देणे जमले नाही, त्यांनाही ह्या वहीत आपले नाव 'सापडवणारा' म्हणून लिहिता येईल, आणि ते नाव देणगीच्या नावाइतकेच टिकेल.

ग्रामदैवत सर्वांना ही दृष्टी आणि हा धीर देवो.

॥ शुभं भवतु ॥